मॉड्युलर किचन मंजूर आराखड्याप्रमाणे न बसवल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: एल आकाराच्या किचनमधील चुकीची मापे व बदललेले सामान दुरुस्त करून मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या फिटरने काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही मागितली, ती दिलेली नाही. मापे चुकल्याचे दाखवल्यावर ‘थोडं इकडेतिकडे होतंच’ असे उत्तर मिळाले. २४०० बाय १८०० मिमीच्या स्वयंपाकघरात ५० मिमी म्हणजे इकडेतिकडे नव्हे.

मुख्य तक्रार कोपऱ्याची आहे. मंजूर आराखड्यात कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना ५०-५० मिमीची फिलर पट्टी (मोकळे अंतर राखणारी बंद पट्टी) आणि तिच्याशेजारी ५५० मिमीच्या खोक्यातली ट्रॉली (बाहेर ओढायचा खण) आहे. प्रत्यक्षात फिलर गाळून ६०० मिमीची ट्रॉली बसवली आहे. तयार मापाचे खोके, म्हणजे कपाटाचा सांगाडा, आणून लावले असावे. परिणाम असा की ट्रॉली जेमतेम १३० मिमी बाहेर येते आणि तिचा दर्शनी भाग कोपऱ्याच्या दुसऱ्या बाजूच्या शटरच्या (कपाटाच्या दाराच्या) हँडलवर आदळतो. हँडल ३५ मिमी पुढे आलेले आहे, तेव्हा हे होणारच होते. लॅमिनेटला त्या जागी खोक पडली आहे. हँडल काढून टाकण्याचा फिटरचा उपाय मान्य नाही, कारण मग ते शटर उघडायचे कशाला धरून?

खोके बदलताना एक काळजी घ्यावी. ५५० मिमीच्या खोक्यात १८ मिमीच्या दोन बाजू वजा जाता आत ५१४ मिमी उरतात. टेलिस्कोपिक चॅनेलला (ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्यांना) प्रत्येक बाजूस १३ मिमी लागतात, म्हणून ट्रॉलीची बाहेरची रुंदी ४८८ मिमीच हवी. जुनीच ट्रॉली तासून बसवू नये. चॅनेलची जागा दोन-तीन मिमी कमी पडली तर चॅनेल अडकते, जास्त झाली तर ट्रॉली हिंदकळते.

चॅनेलही बदललेले आहे. ठरले होते पूर्ण उघडणारे, आले तीन-चतुर्थांश. वाटेत हँडल नसले तरी ५०० मिमी खोल ट्रॉली ३७५ मिमीच बाहेर येते. मागचे १२५ मिमी ओट्याखाली अंधारातच राहतात. मागची भांडी काढायला पुढची सगळी उचलावी लागणार असतील, तर साध्या कप्प्याऐवजी ट्रॉली घेण्यात अर्थ काय?

फ्रिजची बिजागरीची बाजू थेट भिंतीला टेकते. दार ९० अंशांवर थांबते आणि आतला भाजीचा खण दारालाच अडकतो. यासाठी जागा वाढवायची गरज नाही. फ्रिजच्या दुसऱ्या बाजूला, ओट्याच्या टोकाशी, १५० मिमीचा बाटल्यांचा पुलआउट (बाहेर ओढायचे अरुंद कपाट) आहे, तो भिंत आणि फ्रिज यांच्यामध्ये घ्यावा. पुलआउटचे खोके ५६० मिमी खोल आहे, फ्रिज त्याच्या पुढे येतो, त्यामुळे दाराला मागे वळायला मोकळी जागा मिळेल. ओट्याचा दगड टोकाकडून तेवढाच कापावा लागेल, आणि कापलेली पट्टीच नव्या जागी वर बसेल. कटरचे पाते तीन-चार मिमी खाते. ती फट सिलिकॉनने भरून कडा घासून घ्यावी.

सिंकखालच्या खोक्यात पाइपासाठी पाडलेल्या भोकांच्या कडा कच्च्याच ठेवल्या आहेत. बोर्ड तिथूनच पाणी ओढून फुगतो. पाइप काढून कडांना सीलर लावावा; नुसते बाहेरून सिलिकॉन फिरवून चालणार नाही.

वरील चारही कामे १५ दिवसांत करून द्यावीत. येण्यापूर्वी भिंतीचे माप खाली, ओट्याच्या उंचीला आणि वर असे तीन ठिकाणी घ्यावे, कारण आपल्या मोजणीच्या कागदावर एकच आकडा आहे आणि भिंत वरच्या बाजूला १२ मिमी आत झुकलेली आहे. तोवर शेवटचा हप्ता रोखून ठेवला आहे.

सोबत: मंजूर आराखड्याची प्रत, कोपऱ्याचे व चॅनेलचे फोटो.

आपला,
एक ग्राहक