'शेतकरी' न सापडणाऱ्या सॉफ्टवेअरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : मराठी मुलाखतींत शब्दशोध व कोडिंग चुकणे, तक्रारीचे तिकीट परस्पर बंद करणे

तुमच्या प्रतिनिधीशी शेवटचा फोन झाला आणि लगेच हे लिहायला घेतलं. मुलाखतींतल्या भागांना विषयवार लेबलं, म्हणजे कोड, लावून विश्लेषण करायचं हे सॉफ्टवेअर तुमचंच आहे, तेव्हा त्याची आणखी ओळख करून देत नाही.

डेटा काटोल, नरखेड, उमरेडकडच्या कापूस आणि संत्रा उत्पादकांच्या मुलाखतींचा आहे, सगळा युनिकोडमध्ये. 'शेतकऱ्यांनी' शोधलं की काही फाइलींत सापडतं, काहींत नाही. कारण साधं आहे. 'ऱ्य' तीन प्रकारे टाइप होतो : अख्खा ऱ (युनिकोड क्रमांक यू+0931) आणि हलन्त; साधा र, नुक्ता (अक्षराखालचं टिंब) आणि हलन्त; किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (यू+200डी) हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिले दोन एनएफसी नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदी सारख्या करण्याच्या युनिकोडच्या पद्धतीने, एक होतात. तिसऱ्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. तुम्ही दोन्हींतलं काहीच करत नाही. आमच्याकडे कपाशीला पऱ्हाटी म्हणतात. म्हणजे पिकवणारा आणि पीक, दोघेही तुमच्या शोधातून गळाले.

शब्दवारंवारतेची तर बातच न्यारी. तुमचं सॉफ्टवेअर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांना अक्षरच मानत नाही, दिसले की शब्द तोडतं. 'कर्जमाफी'चे 'कर', 'जम' आणि 'फ' होतात. किमान लांबी मुळातच तीन अक्षरांवर ठेवलेली, म्हणून हे तिन्ही तुकडे गाळले जातात आणि यादीत कर्जमाफी औषधालाही उरत नाही. 'शेतकरी'तला 'तकर' तेवढा वर्डक्लाउडमध्ये ठळक मिरवतो. विदर्भातले शेतकरी कर्जमाफीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत, असा अहवाल द्यायचा का आम्ही? 'कर्जमाफीचा', 'कर्जमाफीमुळे' हे वेगळे मोजले जातात, ती तक्रार आम्ही करतही नाही. तेवढं आम्ही हाताने एकत्र करू. पण आधी शब्द तरी शाबूत द्या.

या दोन्ही गोष्टी एक वेळ सोसल्या असत्या. नव्या अपडेटने मात्र केलेलं कोडिंगच बिघडवलं. कोड केलेला भाग तुम्ही अक्षरक्रमांकाने साठवता, कितव्यापासून कितव्यापर्यंत. नवी आवृत्ती जुना प्रोजेक्ट उघडताना झेडडब्ल्यूजे काढून टाकते, पण क्रमांक जुनेच ठेवते. एक झेडडब्ल्यूजे गेला की पुढचा प्रत्येक कोड एका अक्षराने सरकतो. मुलाखतीच्या सुरुवातीला कळतही नाही. शेवटाकडे 'कर्जाचा ताण' हा कोड ठिबकच्या नळ्यांवर जाऊन बसलेला असतो. एक कोडर जुन्या आवृत्तीवर आणि दुसरा नव्या आवृत्तीवर असेल तर दोघांच्या फाइली जोडल्यावर कप्पा, म्हणजे दोन कोडरांचं एकमत मोजणारा आकडा, कोसळतो, कारण तुम्ही तो अक्षरागणिक काढता. माणसं एकमताची, आकडा भांडणाचा.

आता तुमचा तो फोन. प्रतिनिधी आधी म्हणाले, फॉन्ट बदला. शोध फॉन्टमध्ये होत नाही, हे सांगितल्यावर म्हणाले, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. तेही झालं. मग त्यांनी स्क्रीन शेअर घेतली आणि शोधायचा शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये सांगायला लावला. आम्ही म्हटलं, डेटा देवनागरीत आहे. "हो मॅडम, पण तुम्ही स्पेलिंग तर सांगा." रोमन लिपीत शेतकरी टाइप केलं, शून्य निकाल आले, आणि गंभीर आवाजात निदान झालं : "मॅडम, शेतकरी नावाचा कोणी रेस्पॉन्डन्ट तुमच्या डेटात नाहीये."

वरिष्ठांना जोडून द्या म्हटलं. ते आले आणि म्हणाले, सगळा डेटा मशीन ट्रान्सलेशनने इंग्रजी करून टाका, थीम काय, त्याच निघतात. वऱ्हाडीतलं बोलणं यंत्राकडून इंग्रजीत नेऊन त्यावर गुणात्मक विश्लेषण! आणि असले सल्ले देणारी कंपनी संशोधकांसाठी सॉफ्टवेअर विकते. फोन ठेवताच मेल आला : तिकीट सोडवले, ग्राहक समाधानी, कृपया स्टार द्या. शेतकरी अजून सापडलेला नाही, तरी तिकीट सोडवले.

विकताना पत्रकात 'मराठीसह भारतीय भाषा' छापलं होतं. मराठी दिसते, एवढंच खरं. पीडीएफ काढली की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसायची ती नंतर जाऊन बसते, म्हणजे दिसण्याचाही भरवसा नाही.

आम्हाला हवं ते असं : अक्षरक्रमांक दुरुस्त करणारं पॅच, तोवर जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलर, आणि कोड व मजकुरासकट पूर्ण प्रोजेक्ट दुसऱ्या सॉफ्टवेअरात नेता येईल अशी क्यूडीपीएक्स निर्यात. सध्या तुम्ही क्यूडीसी देता, त्यात फक्त कोडबुक, म्हणजे कोडांची यादी, असतं. अशा सॉफ्टवेअरांत प्रोजेक्टची देवाणघेवाण व्हावी यासाठीचं रेफी-क्यूडीए मानक 2019 पासून आहे आणि त्याचा शिक्का तुमच्या संकेतस्थळावर झळकतो. तो शिक्का शोभेला लावलाय का?

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवू आणि पत्रकाची प्रत घेऊन सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. मार्चअखेर लायसन्स नूतनीकरण आहे. त्या पैशांची तरतूद रद्द करायला एक टिपणी पुरते. याच कामाचं क्वालकोडर हे मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात चूक निघाली तर निदान प्रोग्रामचा कोड उघडून बघता तरी येतो.

आणि उत्तर त्या वरिष्ठांकडून नको.

संशोधन गट, नागपूर