पाणी तापवायला पॅनेल कशाला?

संपादक महोदय,

पर्यायी ऊर्जेची चर्चा निघाली की ‘युनिट कितीला पडते?’ इथेच गाडी अडते. सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या डाय हाऊसला, म्हणजे रंगाई कारखान्याला, विजेपेक्षा गरम पाणी जास्त लागते, हे त्यात राहूनच जाते.

1,000 लिटर पाणी 25 वरून 65 अंशांवर न्यायला 40,000 किलोकॅलरी, म्हणजे सुमारे 47 युनिट उष्णता लागते. एक किलोवॅटचे सौर पॅनेल दिवसाला सरासरी 4 युनिट देते. म्हणजे 12 किलोवॅट हवेत. नुसती पॅनेलच 60 चौरस मीटर. तेच काम सौर बंब, म्हणजे उन्हाने थेट पाणी तापवणारे यंत्र, साधारण 20 चौरस मीटरमध्ये करतो, कारण पॅनेल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा पकडते आणि बंब निम्म्याहून अधिक. हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारा हीट पंप जोडला तर वीज एक-तृतीयांश लागते, तेव्हा पॅनेलचाही विचार करता येतो. पण आपल्याकडे मे महिन्यात पॅनेल 65 अंशांपर्यंत तापते आणि 25 च्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.35 ते 0.4 टक्के वीज घटते, तेही धरा.

बंब बदनाम झाला तो बोअरच्या जड पाण्याने. नळ्यांत क्षार बसतो नि पाणी कोमटच राहते. म्हणून बंबात मऊ पाणी बंदिस्त फिरवावे आणि रंगाईचे पाणी हीट एक्स्चेंजरमधून (दोन पाणी न मिसळता उष्णता देणाऱ्या उपकरणातून) तापवावे. एक्स्चेंजरलाही क्षार धरतो, पण तो उघडून धुता येतो. काचेच्या नळ्या रिकाम्या तापलेल्या असताना भर दुपारी गार पाणी सोडले की तडकतात. टाकी पहाटे भरावी.

ढगाळ दिवसांत बॉयलर लागणारच. वरच्या हजार लिटरला 50 टक्के ओलाव्याचा बगॅस (उसाचे चिपाड) 25 ते 30 किलो जळतो, कोरड्या ब्रिकेट (शेतकचरा दाबून केलेल्या कांड्या) 16-17 किलो. गळीत हंगामानंतर बगॅसचा भरवसा नाही, कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांनाच तो लागतो. ब्रिकेट पावसाळी हवेत ओल धरून फुटतात, चुरा भट्टीच्या जाळीवर बसून हवा अडवतो आणि चिमणी काळा धूर ओकते. ब्रिकेट छपराखाली, जमिनीपासून उचलून फळ्यांवर रचाव्यात.

कोटेशन मागताना किलोवॅट सांगू नका. रोजचे लिटर, किती अंश आणि कोणत्या वेळी, हे लिहून द्या. आणि कोणी छतावरच्या सौर पॅनेलसाठीच्या सूर्यघर योजनेचे अनुदान वजा करून भाव दिला, तर कागद परत करा. ते अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे.

– एक वाचक, सोलापूर