रमचा रतीब थांबला, ते योग्यच

संपादक महोदय,

ब्रिटिश नौदलातला खलाशांचा रोजचा रमचा रतीब ३१ जुलै १९७० रोजी बंद झाला. त्या दिवशी काहींनी दंडाला काळ्या फिती बांधल्या. त्याबद्दल आजही हळहळून लिहिलं जातं, ते मला पटत नाही. पूर्वी माणशी रोज अर्धा पाइंट, म्हणजे सुमारे पाव लिटर, रम मिळे! खलाशी झिंगून पडत, म्हणूनच अ‍ॅडमिरल व्हर्नन यांनी १७४० मध्ये तीत चौपट पाणी घालायला लावलं. पुढे वाटा अष्टमांश पाइंटावर आला. पण रडार आणि क्षेपणास्त्रं हाताळणाऱ्याला भर दुपारी तेवढी तरी कशाला हवी? रमच्या बदल्यात खलाशांच्या कल्याणनिधीला २७ लाख पौंड मिळाले, हेही हळहळणाऱ्यांनी सांगावं.

– एक वाचक, अलिबाग