माळवद पाडू नका, भिंत सुधारा

मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि माळवदाचे, म्हणजे लाकडी सांगाड्यावर मातीच्या सपाट छताचे घर म्हणजे मरण, ही समजूत लातूर-धाराशिवकडे घट्ट बसली. ती अर्धीच खरी आहे. कोसळल्या त्या दगडी भिंती. आतला लाकडी सांगाडा कितीतरी ठिकाणी उभाच होता.

अशा खणाच्या घरात छताचा भार भिंतीवर नसतो. दगडी उथळ्यावर (बैठकीच्या दगडावर) खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडे, त्यांवर फळ्या आणि सगळ्यात वर माती. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. जिथे काटकसर करून खांब गाळले आणि तुळया थेट भिंतीवर टेकवल्या, तिथे भिंतीबरोबर छतही खाली आले.

भिंत दोन-अडीच फूट जाड दिसते, पण असते दुपदरी. दोन्ही तोंडांना दगड, पोटात चिखल आणि कपच्या. पाणी मुरले की पोट फुगते, हादरा बसला की पदर सुटतात. त्यात वरची माती. गळती लागली की नवा थर टाकायचा, जुना काढायचा नाही, ही सवय! फूटभर थराचे वजन चौरस फुटाला सुमारे ४५ किलो. पाच बाय पाचच्या खणावर टनाहून जास्त. काही घरांवर हा थर दोन फुटांचा आहे.

उपाय गावच्या गवंड्या-सुतारांना जमण्याजोगे आहेत. माती उतरवून सहा-आठ इंचच ठेवायची, तिच्याखाली जाड प्लास्टिक कागद घालायचा. खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरपे टेकू, तेही दोन्ही दिशांना, कारण सांगाडा वजन पेलतो पण आडवा डुलतो. भिंतीत दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या आत दोन्ही पदर बांधणारा आरपार दगड हवा. जुन्या भिंतीत त्याऐवजी दगड हलक्या हाताने सैल करून भोक पाडावे, आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरावे. घणाने ठोकले तर शेजारचा पदरच सुटतो. भिंतीत गाडलेल्या खांबांची बुडे आधी सळईने टोचून पाहावीत. वाळवी तिथूनच चढते.

घरकुलाचे अनुदान नव्या घरासाठी आहे. म्हणून धड सागवानी सांगाडाही उतरतो आणि जुन्या लाकडाच्या वखारीत जातो. दुरुस्तीसाठी वेगळे अनुदान द्यावे. आरपार दगड आणि तिरपा टेकू यांचे दर सरकारी दरसूचीत स्पष्ट लिहावेत. आणि मोजणी चौरस फुटांवर नको, खणांवर करावी. खर्च सांध्यांच्या संख्येवर ठरतो.

आपले,
माळवदाची कामे करणारे काही सुतार, गवंडी व अभियंते