क्रूड प्रथिनांचा तक्ता अर्धाच छापला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या शेती पुरवणीतला झाडपाल्याचा तक्ता पाहून राहवले नाही. बाभूळ, सुबाभूळ, शेवरी, अंजन सगळे एका रांगेत आणि पुढे क्रूड प्रथिनांचा एकच आकडा! उद्या कुणी पेंड बंद करून बाभळीचा पाला ओतेल, त्याला जबाबदार कोण?

क्रूड प्रथिने म्हणजे नमुन्यातला नायट्रोजन गुणिले 6.25. त्यातला जनावराच्या अंगी किती लागतो, हे या गणितात येत नाही. बाभळीच्या पाल्यातली टॅनिन, म्हणजे पाल्याला तुरटपणा देणारी द्रव्ये, चघळतानाच प्रथिनांना धरतात. कोटीपोटाचा, म्हणजे जनावराच्या पोटातल्या सर्वांत मोठ्या कप्प्याचा, सामू (आम्लता मोजणारा pH) 6 ते 7 असतो, तिथे ही पकड सुटत नाही. जिवाणूंना अमोनिया कमी पडतो, तंतू फोडणारे जिवाणू मंदावतात, आणि सोबतचा कडबाही नीट पचत नाही. जनावर चारा टाकते, लेंडी कोरडी, कडक पडते आणि मालक जंताचे औषध पाजत बसतो.

टॅनिन सरसकट वाईट नाहीत. एकूण शुष्क चाऱ्यात संघनित (कंडेन्स्ड) प्रकारची टॅनिन 2 ते 4 टक्के असतील तर प्रथिने कोटीपोटात वाया न जाता पुढे जातात. चौथ्या कप्प्यात सामू 3 च्या आसपास उतरला की ती मोकळी होतात आणि आतड्यात शोषली जातात. मिथेनही कमी बनतो. पण हे प्रमाण 5 टक्क्यांवर गेले की फायदा संपतो. म्हणून तक्त्यात टॅनिनचा रकाना हवाच होता. तो भरताना नमुना 100 अंशांच्या भट्टीत वाळवू नये. त्या उष्णतेत टॅनिन प्रथिनांना घट्ट चिकटतात आणि चाचणीत कमी दिसतात. 50 अंशांखालीच वाळवावा. त्याहून खात्रीची चाचणी म्हणजे कोटीपोटातल्या रसात नमुना आंबवून, पॉलिएथिलीन ग्लायकॉल (टॅनिनला बांधून ठेवणारे रसायन) घालून आणि न घालता 24 तासांचा गॅस मोजणे. फरक जितका मोठा, तितका टॅनिनचा अडथळा मोठा.

गोठ्यात करायचे ते इतके: पाला सावलीत सुकवा, थोड्यापासून सुरू करून 8-10 दिवसांत वाढवा, कडब्यात मिसळा. पेंड मात्र त्याच घमेल्यात नको, उरलेली टॅनिन तिच्यातल्या प्रथिनांनाही धरतात. शेळीला जमते ते गाईला जमेलच असे नाही. शेवरीत टॅनिन सहसा कमी, ती बाभळीच्या ओळीत बसवणेच चूक.

'सुबाभळीतल्या टॅनिनमुळे केस गळतात' हे पुरवणीतले वाक्य तर साफ चुकीचे. केस सुबाभळीतल्याच मिमोसिन नावाच्या विषारी अमिनो आम्लामुळे गळतात. त्यासाठीच सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवायची.

आणि छायाचित्र! बाभळीच्या नावाखाली वेडी बाभूळ छापली आहे. बाभळीचे फूल पिवळा गोल गोंडा, शेंग मण्यांच्या माळेसारखी. चित्रातली फुले लांब तुऱ्याची आहेत. त्या झाडाचा हिरवा पाला शेळीसुद्धा सहसा खात नाही. येत्या पुरवणीत केस गळण्याच्या वाक्याची आणि छायाचित्राची, दोन्ही दुरुस्त्या त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत छापाव्यात.

— एक पशुवैद्यक, आटपाडी