माझ्या मुलीच्या दुसऱ्या घराला

मावशी,

आपण दोघी बोलतो ती कोंकणी, आणि बोलताना मी तुम्हाला सरळ ‘तूं’ म्हणते. पण कागद पुढे घेतला की आपल्याकडे हात मराठीतच वळतो, आणि कागदावर तुम्ही ‘तुम्ही’ होता. हसू नका. या महिन्यात तुम्ही अंगणवाडीतून, मदतनीस म्हणून, निवृत्त होताय. निरोपाला बायका भाषणं करतील, कोणीतरी ओटी भरेल, शाल येईल. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून हे लिहिते. सगळ्यांनी वाचलं तरी चालेल.

२०२२ च्या जूनमध्ये मी गोव्यातल्याच डिचोलीत भाड्याच्या खोलीत आले तेव्हा तुम्ही मला ओळखतही नव्हता. सत्तरी तालुक्यातलं सासरचं घर मोठं, चार भावांच्या चार चुली. २०१२ साली खाणी पहिल्यांदा बंद पडल्या तेव्हा नवऱ्याचा खनिज वाहणारा टिप्पर दारात उभा राहिला. मध्ये थोडे दिवस बरे गेले. २०१८ मध्ये पुन्हा बंदी आली, आणि बँकेचे हप्ते चुकत चुकत टिप्पर गेला. त्यानंतर नवरा आधी घरी बसला, मग पिऊ लागला, मग कर्नाटकात कुणाची तरी गाडी चालवायला गेला. पैसे पाठवतो तेव्हा पाठवतो. त्याच्याविषयी याहून जास्त लिहीत नाही, मुलं मोठी होऊन हे वाचतील.

मला औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचं काम मिळालं. कंपनीची बस सकाळी सव्वासातला नाक्यावर, संध्याकाळी पाचला परत. मुलगी तीन वर्षांची. आपली अंगणवाडी नऊला उघडते आणि एकला बंद होते. आता हिशेब करा. सकाळचे दोन तास आणि दुपारचे चार, असे सहा तास माझ्या मुलीला दिवसाकाठी कोणी नव्हतं. मुलगा आठ वर्षांचा, त्याची शाळा मोडायला नको म्हणून त्याला गावी सासूकडे ठेवलं होतं. दोन मुलं दोन ठिकाणी, आणि मी तिसऱ्या ठिकाणी गोळ्यांच्या पाकिटांवर लेबलं लावत.

पहिले आठ दिवस मी मुलीला शेजारणीकडे ठेवलं. नवव्या दिवशी शेजारणीने दार उघडलं नाही. तिचंही चुकलं असं मला आज वाटत नाही. मी मुलीला कडेवर घेऊन तुमच्या पडवीत आले, कारण अंगणवाडीला लागून तेवढं एकच घर होतं जिथे दिवा लागलेला होता. पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीचा पोंपों नुकताच पुढे गेला होता. तुम्ही काही विचारलं नाहीत. माझ्या हातातली पिशवी घेतलीत आणि म्हणालात, ‘‘तूं वच गो, चेडूं हांगा रावतलें.’’ तू जा, मुलगी इथे राहील.

बस चुकली नाही, एवढंच मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी आले तेव्हा तुम्ही पहिली गोष्ट काय बोललात आठवतं? ‘‘म्हयन्याक सशें दी.’’ महिन्याला सहाशे. मला बरं वाटलं, मावशी. खरंच सांगते, फुकट ठेवते म्हणाला असतात तर मी चौथ्या दिवशी यायची बंद झाले असते. उपकाराखाली रोज सकाळी सातला कोणाच्या दारात उभं राहता येत नाही. तुम्ही पैसे घेतलेत, तेही मोजून घेतलेत, एकदा पन्नासची नोट फाटकी म्हणून परत केलीत. म्हणून मी मान वर करून येत राहिले. आणि अंगणवाडीच्या सरकारी वेळेत ती तुमच्याकडे जशी असायची तशीच नंतरही असायची, या दोन्हींत तुम्ही कधी फरक केला नाहीत.

तक्रारीही आहेत, त्या लिहून टाकते. दुपारी तुमच्याकडे टीव्हीवर मालिका लागायच्या, त्यामुळे माझी पोरगी चौथ्या वर्षी मालिकेतल्या सासूचा आवाज काढून ‘‘या घरात माझंच चालणार’’ म्हणायला शिकली. आणि एकदा बस बंद पडली, मी सहाला पोचले, पोरीला ताप, तेव्हा तुम्ही सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला झाडलंत. मी घरी जाऊन रडले. रात्री नऊला तुम्ही पेज घेऊन आलात, ती मी न बोलता खाल्ली.

तुम्ही मला सगळ्यात जास्त रागावलात ते मात्र कागदांवरून. राज्य सरकार गृहिणींना दरमहा पैसे देतं त्या ‘गृह आधार’ योजनेचा अर्ज मी केला नव्हता. म्हटलं, दीड हजाराने काय होणार, आणि कशाला सरकारापुढे हात पसरायचा. तुम्ही परातीत हळसांदे निवडत होता. वर न बघता म्हणालात, ‘‘भीक न्हय गो ती, हक्काचें तें.’’ मग बोटं मोजून सांगितलंत. लग्न झालेली बाई, पंधरा वर्षांचा गोव्यातला रहिवास, नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत. २०१२ साली ही योजना आली तेव्हा महिना हजार मिळायचे, आता दीड हजार. अर्धा दिवस रजा टाकून मामलेदार कार्यालयात कुठल्या खिडकीपाशी उभं राहायचं आणि झेरॉक्स किती काढायच्या हेही तुम्हीच सांगितलंत. मुलगी झाली तेव्हा आईला ‘ममता’ योजनेचे दहा हजार मिळतात, पण अर्ज वर्षाच्या आत करायचा असतो. तो वेळ माझ्या हातून गेला होता. त्याबद्दल तुम्ही माझ्याहून जास्त हळहळलात. त्यानंतर वाड्यातल्या प्रत्येक बाळंतिणीला मी ते सांगते, तुमचंच नाव घेऊन.

आणि तो सहीचा प्रसंग. दीर एक कागद घेऊन खोलीवर आले होते. घराचा आमचा वाटा त्यांच्या नावे करायचा, थोडे पैसे हातात मिळतील, नवऱ्याने तिकडे होकार दिला आहे, तू फक्त सही कर. मला पैसे हवे होते. खोटं कशाला बोलू, मी पेन उघडलं होतं. मग म्हटलं उद्या करते, आणि तुमच्याकडे आले. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून लग्नानंतर संपत्ती दोघांची समाईक धरली जाते, नवऱ्याला आईबापांकडून आलेली धरून, आणि घरजमीन विकायला बायकोचीही सही लागते, हे मी शाळेत कधीतरी वाचलं होतं. पण ते कोणा दुसऱ्या बायकांसाठी असतं असं मला वाटायचं. तुम्ही मला कायदा सांगितला नाहीत. तुम्ही सांगितलंत की पंचवीस वर्षांपूर्वी तुम्ही अशीच सही केली होती, न वाचता, चवथीच्या आदल्या दिवशी, गणपतीवरची माटोळी बांधायची घाई होती म्हणून. एवढंच सांगून चहा ठेवायला आत गेलात. मी सही केली नाही. दीर अजून बोलत नाहीत.

सासूला इकडे आणायचं डोकंही तुमचंच. मला ते पटलं नव्हतं. ज्या बाईने मुलाची दारू झाकली तिला मी माझ्या एका खोलीत का घेऊ? तुम्ही म्हणालात, तिला तरी कुठे जागा आहे, चार चुलींपैकी एकीवरही तिचं भांडं नाही. आज दोन वर्षं झाली. मुलगा इथल्या शाळेत येतो, सासूची दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची दोन हजारांची पेन्शन तिच्याच हातात राहते, दुपारी मुलं तिच्याजवळ असतात. भांडतो आम्ही, मिठावरून आणि पंख्यावरून. पण नवऱ्याचा फोन आला की आता माझ्या आधी तीच त्याला सुनावते.

एक गोष्ट मात्र मला अजून खुपते. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर हवं, असा २०१७ पासून कायदा आहे. आईला दिवसातून चार वेळा मुलाला बघून येता यावं असंही त्यात आहे. आमच्या शेडमध्ये आम्ही शंभरावर बायका, पण तीन कंत्राटदारांच्या तीन याद्या, आणि कुठल्याच यादीत पन्नास कधी भरत नाहीत. पैशाची योजना निघते, धान्याची निघते. सकाळी सात ते नऊ या वेळेची निघत नाही. केंद्राने अंगणवाडीलाच जोडून साडेसात तासांचं पाळणाघर चालवायची योजना काढली आहे, तिचं नाव ‘पाळणा’. ते वाचून मला हसू आलं. तुमच्या पडवीत तो कधीचाच हलत होता, आणि तुम्हाला त्याचं मानधन नव्हतं.

मानधनावरून आठवलं. मदतनीस बाईसाठी केंद्राकडून धरलेले महिन्याचे २,२५० रुपये आणि वर राज्याची भर, त्यावर तुम्ही इतकी वर्षं झाडलंत, पाणी भरलंत, पोरांची नाकं पुसलीत. पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. पण २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, कायदा लागू होतो. परवा तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, ‘‘सोड गो, कोण धांवता आतां.’’

मी धावते. येत्या शनिवारी मला सुट्टी आहे. नेमणुकीचा कागद, आधार, पासबुक आणि मानधनाच्या नोंदी असतील त्या काढून ठेवा. पत्र्याच्या पेटीत तळाला आहेत, तुम्ही एकदा दाखवल्या होत्या. सहीसाठी चष्मा लागेल, तो शोधून ठेवा. झेरॉक्स मी काढून आणीन, प्रत्येकाच्या तीन-तीन.

तुमची,
पडवीतल्या पोरीची आई