जोडकामाचे बिल दाखवा

अंधेरीचा गोखले पूल फेब्रुवारी २०२४ मध्ये एका बाजूने खुला झाला आणि शेजारचा बर्फीवाला पूल त्याला जुळतच नाही, हे साऱ्या मुंबईने पाहिले. मध्ये जवळपास दीड मीटरचा फरक! रेल्वेमार्गावरचा नवा गोखले पूल उंच होणार, हे आराखड्याच्या कागदावरच कळायला हवे होते. शेवटी व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेचा सल्ला घेऊन, खाली जॅक लावून बर्फीवाला पुलाचा भाग इंच-इंच उचलावा लागला. जुलैत रस्ता जुळला. त्या पैशात कितीतरी वस्त्यांतली तुंबणारी गटारे नीट झाली असती. आराखड्यावर सह्या कोणाच्या आणि या दुरुस्तीचा खर्च किती, हे महापालिकेने जाहीर करावे.

— एक करदाता, अंधेरी (पूर्व)